मनाचा घाव व आत्मकथन

गेल्या वर्षीची गोष्ट. इयत्ता आठवीच्या वर्गास आम्ही निबंधाकरिता ‘माझ्या जीवनातील अविस्मरणीय प्रसंग’ हा विषय दिला होता. विषय जुनाच. आम्ही विद्यार्थी असताना आमच्या गुरुजींनीही तो दिला होता, आणि तो देण्यात काही जोखीम आहे असे त्यांच्या किंवा आमच्या मनात कधी आले नव्हते. वह्या जमा झाल्या. कोणी सहलीविषयी लिहिले होते, कोणी पावसात अडकलेल्या लोकलगाडीविषयी, तर कोणी आषाढात रस्त्याच्या कडेला उभे राहून घेतलेल्या पालखीच्या दर्शनाविषयी. एका वहीत मात्र सुरेख अक्षरात विषयाचे नाव, त्याखाली पट्टीने ओढलेली रेघ, आणि पुढे कोरे पान. त्या मुलास सर्व वर्गादेखत उभे करून आम्ही जाब विचारला. “सर, तसा प्रसंग काही घडलाच नाही,” एवढेच तो बोलला. आम्ही त्यास आळशी ठरविले व शून्य गुण दिले.

चार दिवसांनी त्याची आई भेटावयास आली. तिच्याकडून कळले की, सहा महिन्यांपूर्वी त्याच्या वडिलांच्या उजव्या हाताची चार बोटे कारखान्यात प्रेस मशीनखाली गेली. तेव्हापासून घरात त्या दिवसाचे नाव कोणी काढीत नाही. वडील रात्री दचकून उठतात. स्वयंपाकघरात ताटली पडली तरी त्यांच्या अंगास घाम सुटतो. कोणी विचारपूस करावयास आले तर ते तोंड फिरवून म्हणतात, “आता मी निकामी माणूस.” मुलगा हे सर्व पाहत होता. त्याच्या पानावर लिहिण्याजोगे काही नव्हते असे नाही. जे होते ते लिहिण्याची त्याची ताकद नव्हती. चूक मुलाची नव्हती, आमची होती.

त्या चुकीने आम्हांस या विषयाचे वाचन करावयास लाविले. त्याचे सार विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या आईवडिलांपुढे ठेवावे, म्हणून हा लेख. वरील कुटुंबाची हकीकत त्यांच्या संमतीने, नावगाव न देता, येथे सांगितली आहे.

आघात म्हणजे काय

इंग्रजीत ज्यास ‘ट्रॉमा’ म्हणतात, तो शब्द मूळचा ग्रीक असून त्याचा अर्थ ‘जखम’ असा आहे. प्रथम तो शरीराच्या जखमेसच लावीत असत. मनासही तशीच जखम होते हे वैद्यांच्या ध्यानात येण्यास आगगाडी कारण झाली, ही गोष्ट लोहमार्गाच्या कडेस राहणाऱ्या आम्हां कासारवाडीकरांस मौजेची वाटेल. आपल्या दारावरून जाणारा खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला. त्याच सुमारास इंग्लंडात गाड्यांचे अपघात वारंवार होऊ लागले, आणि ज्यांच्या अंगावर दिसण्याजोगी इजा नव्हती अशी माणसेही पुढे महिनेच्या महिने थरथर कापत, त्यांची झोप उडे, कामात लक्ष लागत नसे. जॉन एरिक्सन या शस्त्रवैद्याने १८६६ साली अशा रोग्यांवर ग्रंथ लिहिला; परंतु त्याचा तर्क असा की, पाठीच्या कण्यास हादरा बसल्यामुळे हे होत असावे. पहिल्या महायुद्धात तोफांच्या भडिमारातून परतलेल्या सैनिकांत हीच लक्षणे दिसली, तेव्हा १९१५ साली चार्ल्स मायर्स यांनी त्यास ‘शेल शॉक’ हे नाव छापील लेखात दिले. पुढे १९८० साली अमेरिकेतील मनोवैद्यांनी आपल्या रोगसूचीत या विकारास स्वतंत्र स्थान दिले.

या विकाराचे मर्म स्मरणात आहे. सामान्य आठवणीस ‘तेव्हा’ असा शिक्का असतो. ती येते, परंतु झाले ते झाले हे आपणांस ठाऊक असते. आघाताच्या आठवणीवर हा शिक्का नीट उमटलेला नसतो. ती तुकड्यातुकड्यांनी येते: एखादा आवाज, एखादा वास, एखादे दृश्य. आणि आली म्हणजे ‘आता, याच क्षणी’ घडत असल्यासारखी येते. म्हणून ताटली पडते आणि प्रेस मशीन पुन्हा धाडकन खाली येते. मनुष्य ती आठवण टाळावयास पाहतो. टाळता टाळता माणसे टाळतो, जागा टाळतो, बोलणे टाळतो. येथे एक गोष्ट आवर्जून सांगावयास पाहिजे. संकटातून गेलेल्या प्रत्येकास हा विकार जडतो असे नाही. बहुतेक माणसे आप्तेष्टांच्या आधाराने काही आठवड्यांत वा महिन्यांत सावरतात. काहींस मात्र हा घाव भरून येत नाही, आणि त्यांत त्यांचा दुबळेपणा मुळीच नसतो.

आपल्या भागातील किती घरांत असा घाव असेल! १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, त्यानंतर एकामागून एक कारखाने आले, आणि महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येथे पोटासाठी आली. आमच्या विद्यार्थ्यांचे कित्येक पालक लातूर व धाराशिव या बाजूचे आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. गणेशविसर्जन आटोपून गावे झोपी गेली होती. दगडमातीच्या जाड भिंती कोसळून हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. जे त्या वेळी सात-आठ वर्षांचे होते, ते आज आपल्या शाळेतील मुलांचे आईबाप आहेत. भिंतीस टेकून न झोपणारा बाप वा रात्री दिवा मालवू न देणारी आई एखाद्या घरात असेल, आणि मुलांस त्याचे कारण ठाऊकही नसेल.

‘मी’ म्हणजे कोण

आता जरा अवघड वाटेने जावयाचे आहे. “मी निकामी माणूस” असे तो गृहस्थ म्हणाला. बोटे गेली हे खरे. परंतु ‘मी’ निकामी झालो, हे त्याने कशावरून ठरविले? हा ‘मी’ म्हणजे तरी कोण?

हा प्रश्न आपल्या देशास नवा नाही. वेदान्ताने म्हटले की, सुखदुःखे भोगणाऱ्या जीवामागे त्यांजकडे पाहणारा एक साक्षी आहे. बौद्धांच्या ‘मिलिंदपन्ह’ ग्रंथात नागसेन भिक्षू राजास विचारतो की, चाक, आस, जू यांपैकी रथ कोणता. आणि दाखवून देतो की, ‘मी’ देखील रथाप्रमाणे अनेक गोष्टींच्या जुळणीस दिलेले नाव आहे. इसवी सन ४०० च्या सुमारास संत ऑगस्टीनने आपले सर्व पूर्वायुष्य देवापुढे कथन केले, आणि ते करता करता स्मरण म्हणजे काय याचा असा खोल शोध घेतला की, ते पुस्तक आजही तत्त्वज्ञ वाचतात. आपण कोण हे कळण्यासाठी आपली कथा कोणास तरी सांगावी लागते, हे त्याने जाणले होते.

अर्वाचीन मानसशास्त्रात या विचारास १८९० साली विल्यम जेम्सने वळण दिले. त्याने ‘मी’चे दोन भाग पाडले: एक जाणणारा मी व दुसरा जाणला जाणारा मी. दुसऱ्यात मनुष्याचे शरीर तर येतेच. शिवाय त्याचे कपडे, घर, बायकामुले, काम, लोकांतील नाव हीही येतात. यांतील एकही गेले की आपणच थोडे नाहीसे झालो असे मनुष्यास वाटते. प्रेसवर काम करणाऱ्याची बोटे गेली म्हणजे हाताबरोबर हुन्नर गेला, हुन्नराबरोबर पगार गेला, पगाराबरोबर घरातील मान गेला, असे वाटून ‘मी’चा मोठा लचका तुटतो. तथापि हे सर्व पाहणारा जो मी, तो तेथेच असतो. त्याच्याशी कोणी बोलत नाही एवढेच.

गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील डॅन मॅकॅडम्स इत्यादि अभ्यासकांनी आणखी एक पाऊल टाकले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: मनुष्याची ओळख म्हणजे त्याने आपल्या आयुष्याची रचलेली कथा होय. काल, आज आणि उद्या यांस जोडणारा धागा तो स्वतःच ओवीत असतो. ही शक्ती बालपणी नसते. ती तुमच्या वयात, म्हणजे बाराव्या-तेराव्या वर्षापासून पुढे, हळूहळू येते. विद्यार्थिमित्रहो, तुम्ही निबंधात ‘मी’ असे लिहिता तेव्हा केवळ गुण मिळवीत नसता. स्वतःस घडवीत असता.

कथेत प्रसंग असतात, आणि प्रसंगांचा लावलेला अर्थही असतो. प्रसंग बदलता येत नाही. बोटे गेली ती गेली. परंतु अर्थ हा लावलेला असतो, म्हणून तो पुन्हा लावता येतो. आघात झालेल्या मनुष्याच्या बाबतीत घडते ते असे की, एकच प्रकरण सबंध पुस्तक खाऊन टाकते. मागील तीस-चाळीस वर्षांचे कष्ट, कौशल्य, माया यांची पाने कोणी उलटीत नाही, आणि पुढील पाने कोरी आहेत हेही कोणास आठवत नाही.

कथनोपचाराची रीत

याच विचारावर उभारलेल्या उपचारास आपण ‘कथनोपचार’ म्हणू. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहरचे समाजसेवक मायकेल व्हाइट (१९४८–२००८) व न्यूझीलंडचे डेव्हिड एप्स्टन हे याचे जनक. या विषयावरचा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १९९० साली निघाला. त्यांची रीत आम्ही त्या गृहस्थाच्या उदाहरणानेच सांगतो. कारण पुढे डॉक्टरांनी त्यास रुग्णालयातील समुपदेशकाकडे पाठविले, आणि तेथे काय झाले ते त्याने आपण होऊन आम्हांस सांगितले.

पहिली पायरी नाव देण्याची. समुपदेशकाने ‘तुम्हांस काय रोग आहे’ असे न विचारता, ‘जे तुम्हांस छळते त्यास तुम्ही काय नाव द्याल’ असे विचारले. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, “दणका.” एवढ्याने एक मोठे काम झाले. आजवर दोष त्याच्यात होता. आता तो तेथे, समोर, त्याच्याहून वेगळा उभा राहिला. मनुष्य निराळा आणि त्यावर आलेले संकट निराळे, हे या पद्धतीचे पहिले सूत्र आहे.

दुसरी पायरी हिशेबाची. दणका केव्हा येतो? त्याने काय काय हिरावले? त्याने झोप नेली, लग्नकार्यास जाणे बंद केले, मुलाशी बोलणे बंद केले, आणि “तू निकामी आहेस” हे वाक्य कानात घातले. म्हणजे ते वाक्य त्या गृहस्थाचे नव्हते, दणक्याचे होते!

तिसरी पायरी सर्वांत नाजूक. दणक्याचे चालले नाही अशी एखादी वेळ आठवते का? प्रथम तो नाही म्हणाला. दोन-तीन भेटींनंतर त्यास आठवले की, जुन्या खात्यातील एक तरुण अजूनही त्यास फोन करितो. डाय बसविताना काही अडले म्हणजे तो फोन मशीनजवळ धरतो, आणि आमचा हा गृहस्थ नुसत्या आवाजावरून कोठे चुकले ते सांगतो. त्या पाच मिनिटांत दणका कोठे असतो? “नसतो,” तो म्हणाला, आणि स्वतःच चकित झाला. हुन्नर बोटांत होता तसा कानांतही होता, आणि कान शाबूत होते.

चौथी पायरी अर्थाची. मायकेल व्हाइट यांनी शिकविले की, दुःखाची कथा ऐकताना दोन कानांनी ऐकावे. एका कानाने काय गमावले ते ऐकावे, आणि दुसऱ्याने, ज्याच्या जाण्याने एवढे दुःख झाले ते मोलाचे काय होते, ते ऐकावे. अशा ऐकण्यातून एके दिवशी त्याने, कोणी न विचारता, अपघाताच्या क्षणाचे एक वाक्य सांगितले. हात अडकला तेव्हा शेजारी कामास लागून आठच दिवस झालेला एक पोरगा मदतीस धावला; आणि आपण वेदनेत असतानाही, “हात घालू नको, बटन बंद कर!” असे त्यास ओरडून सांगितले. तो पोरगा वाचला. ही गोष्ट त्याने बायकोसही सांगितली नव्हती. दणक्याने ती झाकून ठेविली होती.

शेवटची पायरी साक्षीदारांची. एकट्याने रचलेली कथा लवकर विरते. म्हणून ती ऐकावयास आपली माणसे बोलावितात. बायको, जुन्या पाळीतील दोन सोबती, व मुलगा यांस बसवून त्याने हे सांगितले. साक्षीदारांनी उपदेश करावयाचा नसतो व स्तुतीही करावयाची नसते. ऐकताना आपणांस काय भिडले, एवढेच सांगावयाचे असते. एप्स्टन यांनी भेटीनंतर पत्र लिहिण्याची चाल पाडली. तसे एक पत्र समुपदेशकानेही त्या गृहस्थास लिहून दिले. ते त्याने कपाटात रेशनकार्डाबरोबर ठेविले आहे.

मुलांसाठी याच पद्धतीने एक सुंदर युक्ती निघाली आहे. आफ्रिकेतील झिम्बाब्वे देशात एड्स रोगाने आईबाप गेलेल्या मुलांकरिता न्काझेलो न्क्यूबे या बाईंनी, डेव्हिड डेनबरो यांच्या सहकार्याने, ‘जीवनवृक्ष’ योजिला. मूल एक झाड काढते. मुळांत आपले गाव, भाषा, पूर्वज, जमिनीत आपला रोजचा दिनक्रम, खोडात अंगचे गुण व कौशल्ये, फांद्यांवर आशा, पानांवर जिवलग माणसांची नावे, फळांत इतरांकडून मिळालेल्या देणग्या. मग सर्व मुलांची झाडे भिंतीवर लावून त्यांचे रान करितात, आणि त्यानंतरच रानावर येणाऱ्या वादळांविषयी बोलतात. क्रम ध्यानात घ्या. आधी पाय ठेवावयास भक्कम जमीन, मग वादळ. पवनेच्या पुरात गटांगळ्या खाणाऱ्यास नदीचे वर्णन विचारू नये. त्यास प्रथम काठावर घ्यावे.

लक्ष्मीबाईंचा दाखला

ही पद्धत परदेशी म्हणून कोणास ती उपरी वाटेल. तिचे मर्म मात्र आपल्या मराठीत फार पूर्वी प्रगट झाले आहे. आम्ही लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथाविषयी बोलत आहो. लक्ष्मीबाईंवर कोणी उपचार केले असे आम्हांस म्हणावयाचे नाही. परंतु घावाचे काय होते आणि कथनाने काय होते, हे दाखविण्यास याहून चांगला दाखला आम्हांस ठाऊक नाही.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर येथे गोखल्यांच्या घरी झाला. त्यांच्या जन्मापूर्वीच त्या घरावर एक आघात झाला होता. १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत त्यांच्या आईचे वडील फाशी गेले. या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांस सोवळ्याचे वेड लागले. कशाचाही विटाळ होईल या धास्तीने धुणे, शिंपडणे, स्नाने यांस अंत राहिला नाही, आणि त्या धास्तीखाली सबंध घर वर्षानुवर्षे भरडले गेले. ज्या गोष्टीविषयी बोलता येत नाही ती अशी हातापायांतून बाहेर पडते. फाशी एकास झाली. तिची शिक्षा दुसऱ्या पिढीने भोगली, आणि तिसऱ्या पिढीतील मुलगी त्या घरात लहानाची मोठी झाली.

पुढे त्यांचे लग्न कवी नारायण वामन टिळकांशी झाले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंची त्या वेळची स्थिती मनात आणा. नवरा जिवंत असून दुरावलेला, पदरी लहान मुलगा, आसरा नातेवाइकांचा, आणि भोवती कुजबुज करणारे जग. अशा स्त्रीची कथा जगाने आधीच लिहून ठेविलेली असते: टाकलेली, अभागी, कीव करण्याजोगी. सुमारे पाच वर्षे ताटातूट झाली. पुढे त्या पतीकडे परतल्या. जातिभेद मनुष्याने केलेला आहे या निष्कर्षास स्वतःच्या विचाराने आल्या, आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ही वाट कोणी त्यांच्यावर लादली नाही. ती चालून चालून त्यांनीच पाडली.

१९१९ साली टिळक निवर्तले. त्यानंतर, ज्यांस शाळेचे शिक्षण असे मिळालेच नव्हते, त्या लक्ष्मीबाईंनी टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेले, आणि आपल्या आठवणी लिहिल्या. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. १९३६ साली त्या वारल्या.

या पुस्तकाचे नवल कशात आहे? दुःखे कमी केलेली नाहीत, लपविलेली नाहीत. तरी वाचक पानोपानी हसतो. वडिलांचे सोवळे जणू घरात येऊन ठाण मांडलेला एखादा चमत्कारिक पाहुणा असावा, तसे ते आपणांस दिसते. वडिलांचा द्वेष कोठे नाही, आणि सोवळ्याची गय कोठे नाही. मनुष्य निराळा व त्यावर आलेले संकट निराळे, हेच ते सूत्र! कोणत्याही शास्त्राचे पुस्तक न वाचता या बाईंनी ते साधिले. आणि त्या स्वतः? स्वतःच्या फजितीवर त्या सर्वांत आधी हसतात. ‘टाकलेली स्त्री’ हे जगाने दिलेले नाव त्या पुस्तकात एक लहानसे प्रकरण होऊन राहते. सबंध पुस्तक मात्र एका चौकस, हट्टी, मायाळू बाईचे आहे.

त्याच काळातील पंडिता रमाबाईंचे चरित्र दुसऱ्या कानाने ऐकण्याचा धडा देते. तरुणपणी दुष्काळात त्यांचे आईबाप व बहीण गेली. पुढे १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या, आणि तेथील निराधार मुलींस घेऊन आल्या. आपल्या पुणे जिल्ह्यातील केडगावचे मुक्तिसदन त्यांतून वाढले. भूक काय असते हे ज्या घावाने शिकविले, त्यानेच कोणास उपाशी राहू द्यावयाचे नाही हेही शिकविले. परंतु घाव चांगला असतो असा अर्थ कोणी काढू नये. घाव वाईटच. चांगले असते ते त्या मनुष्याने जपलेले मोल.

मर्यादा व सावधानी

आता पथ्याच्या गोष्टी. पहिली अशी की, कोणासही बळाने बोलते करू नये. संकटानंतर लागलीच सर्वांस एकत्र बसवून एकदा सर्व बोलून टाकावयास लावण्याची चाल काही काळ पुष्कळ देशांत होती. तपासाअंती आढळले की, तिने विकार टळत नाही, आणि काहींस उलट अपाय होतो. म्हणून आज असे सांगतात की, प्रथम सुरक्षित जागा, अन्न, झोप, आपली माणसे व खरी माहिती द्यावी. बोलावयाचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. किल्लारीच्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुले पुण्यास आणून त्यांच्या राहण्याची व शिक्षणाची सोय केली. आपल्याजवळील वाघोलीचे संकुल त्यासाठीच उभे राहिले. घर, शाळा, सोबती आणि ठरलेला दिनक्रम हाही मोठा उपचारच होय.

दुसरी गोष्ट. आघातावर कथनोपचार हा एकच उपाय नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली या विकारासाठी ज्या उपचारांची शिफारस केली, त्यांत आघातावर केंद्रित अशी विचार-वर्तन-चिकित्सा, आणि डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने आठवणीवर काम करणारी एक पद्धत, या प्रमुख आहेत. जर्मनीतील अभ्यासकांनी निर्वासितांकरिता आणखी एक कथनपद्धती काढिली: दोरी अंथरून तिच्यावर सुखाच्या प्रसंगी फूल व दुःखाच्या प्रसंगी दगड ठेवावयाचा, आणि जन्मापासून आजपर्यंतची कथा क्रमाने सांगून लिहून काढावयाची. या उपचारांची कसोटी व्हाइट यांच्या पद्धतीहून अधिक प्रमाणात घेतली गेली आहे, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. कोणास कोणता उपाय लागू पडेल हे तज्ज्ञाने ठरवावे. शिक्षकाने वैद्य होऊ नये. आम्हीही झालो नाही.

तिसरी गोष्ट. जेथे मारहाण वा अत्याचार अजून चालू आहे, तेथे कथा नव्हे, संरक्षण आधी. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. मनाच्या कोणत्याही त्रासासाठी २०२२ साली सरकारने सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. महिना उलटूनही दचकणे, दुःस्वप्ने, अबोला थांबत नसेल, तर डॉक्टरांकडे जाण्यास लाजू नये. मोडलेला हात आपण घरी बसून जोडीत नाही.

आईबापांस आमची विनंती एवढीच. घरावर आलेले संकट मुलांपासून लपत नाही. फक्त त्याचे नाव लपते. आपणांस पेलेल तेवढेच, साध्या शब्दांत, त्यांस सांगा. “असे झाले, तेव्हा आम्ही घाबरलो, मग आम्ही हे केले,” या तीन वाक्यांनी मुलाच्या मनातील पुष्कळसा अंधार जातो; कारण मुलाने योजिलेले कारण बहुधा खऱ्याहून भयंकर असते, आणि कित्येकदा त्यात ते स्वतःसच दोषी धरीत असते. आणि मुलांनो, तुमचा मित्र काही सांगू लागला तर त्यास सल्ला देऊ नका, “माझ्या काकांचे तर याहून वाईट झाले” असेही म्हणू नका. ऐका. गोष्ट फार जड वाटली तर एकट्याने वाहू नका. एखाद्या मोठ्या माणसास सांगा.

आमची ख्रिस्ती श्रद्धा आम्हांस आठवण देते की, पुनरुत्थित प्रभूच्या हातांवरचे व्रण नाहीसे झाले नव्हते. ते राहिले, आणि त्यांवरून शिष्यांनी त्यास ओळखिले. परंतु त्या व्रणांनी त्याची कथा संपली नाही. ज्यांची श्रद्धा निराळी आहे, त्यांच्याही घरी या अर्थाची एखादी गोष्ट आजी सांगत असेल.

यंदा आम्ही तो निबंधाचा विषय वर्गास दिला नाही. त्याऐवजी, ‘मला काही शिकविणारे माणूस’ हा विषय दिला, आणि ज्यास जे लिहावयाचे नसेल ते त्याने लिहू नये, असे फळ्यावर लिहिले. त्या मुलाने दोन पाने लिहिली. वडील कानाने मशीन कसे ओळखतात, आणि शेजारचा पोरगा कसा वाचला, हे त्यात होते. बोटांचा उल्लेख एकाच वाक्यात होता. शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. त्या आम्ही दुरुस्त केल्या. त्या जुन्या वहीतील शून्यावर मात्र आम्ही तांबड्या शाईने काट मारली, आणि खाली आपली सही केली.